मांडी कुणाची

आमच्या नारीन नदीकडच्या वस्तीत जखमेला टाके घालायचे म्हणजे पूर्वी पोराला चादरीत करकचून गुंडाळायचे आणि दोघांनी दाबून धरायचे. किंचाळणं नदीपलीकडच्या मेंढ्यांना ऐकू जायचं. बुरूल नर्स होऊन आली आणि तिने ती चादर फरशी पुसायला घेतली. "पोर आईच्या मांडीवर बसेल," म्हणाली. बधिर करायचं औषध ती मुठीत धरून कोमट करायची, मग हळूहळू टोचायची. आईने तळहातावर कोकराची लोकर धरायची, पोराने फुंकर मारून उडवायची. तेवढ्यात टाके होऊन जायचे.

तिची स्वतःची मुलगी, मेरीम, मात्र सासूकडे वाढत होती. आमच्यात पहिलं नातवंड आजीचं. मेरीम आजीला आई म्हणायची आणि बुरूलला वहिनी. बुरूल हसून ओ द्यायची. माझ्याकडे चहाला आली की मात्र पेल्यात बघत बसायची. मुलगी आता शाळेत जाणार, तर आपल्या घरी आणावी, एवढंच तिला हवं होतं. सासू, सेयिलकान, वाईट नव्हती. "रविवारी ये, तिलाच विचार. हो म्हणाली तर घेऊन जा," असं तिनेच बुरूलला सांगितलं होतं.

शनिवारी मेरीमची पोटरी कुंपणाच्या तारेने फाटली. मी गुडघ्याचं मलम घ्यायला दवाखान्यात बसले होते. सेयिलकान तिला उचलून धापा टाकत आली.

"बुरूल, तू घे गं मांडीवर. तुझीच आहे."

"मग टाके कोण घालणार?" मी म्हटलं. "मी? मला सुईचं नेढंसुद्धा दिसत नाही."

बुरूलने सगळ्या पोरांना विचारायची तेच विचारलं, "कुणाच्या मांडीवर बसतेस, राणी?"

"आईच्या!" मेरीमने आजीच्या गळ्याला मिठी मारली.

त्या दिवशी औषध मुठीत जरा जास्तच वेळ राहिलं. सेयिलकानची धाप अजून थांबली नव्हती, तिच्याच श्वासाने लोकर उडायची. "आई, तू फसवतेस!" मेरीम खिदळली. बुरूलने शेवटची गाठ मारली.

"झालंसुद्धा? वहिनी, तू किती चांगली आहेस!"

रविवारी बुरूल गेली, पट्टी बदलली आणि न विचारताच परत आली. मी चिडले. "अगं वेडे, सासू स्वतः तयार होती ना!"

"विचारलं असतं तर लेकराला दोघींतली एक निवडावी लागली असती, काकू. तेव्हा जे दुखलं असतं, त्याला मी काय टोचू?"

शाळेच्या पहिल्या दिवशी मुलीच्या केसांत पांढऱ्या फिती बांधायला सेयिलकानने बुरूलला बोलावलं. बुरूलने दोन वेण्या घातल्या, मुलीला आजीच्या हाती दिलं आणि कामावर निघून गेली.