कंपनीचाच पंप हवा

माझ्या थोरल्या साडूंइतका तुच्छतेचा साठा अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे असेल, असं मला वाटत नाही. जहाजांच्या इंजिनांत आयुष्य काढून हे भाऊ घरी परतले, मुंबईहून एक जुनी, लाल, दोनच माणसांची परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन आले आणि त्या दिवसापासून त्यांनी मनुष्यजातीचे दोन वर्ग पाडले: कंपनीचा पार्ट बसवणारे आणि बाकीचे, म्हणजे आम्ही. मी माझ्या गाडीला बाजारातली साधी क्लच प्लेट बसवली हे कळल्यावर ते पाली गावातल्या एका लग्नाला माझ्या गाडीत न बसता एसटीने आले आणि भर मांडवात म्हणाले, "ह्याच्या गाडीपेक्षा बैलगाडी बरी. बैल तरी ओरिजिनल असतात." दाताची कॅप, केसांचा कलप, सरबतातला इसेन्स, सगळ्यांचा उद्धार एकाच दमात व्हायचा. समोर मूर्ख बसला आहे हे धरूनच ते बोलत आणि दुर्दैवाने समोर बहुधा मीच असे.

दर रविवारी संध्याकाळी ते ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर नेत. एकदा तिथल्याच चढावर गाडीतून वाफा निघाल्या. पाण्याचा पंप गेला होता. मेस्त्री म्हणाला, "भाऊ, दुसऱ्या कंपनीचा कोल्हापुरात मिळतो. परवा गाडी चालू."

"घोड्याला गाढवाचं काळीज बसवू?" म्हणत भाऊंनी त्याला हाकललं. मूळ कंपनीने तो पंप बनवणं कधीच बंद केलं होतं. ते कळूनही स्वारी हटली नाही. गाडी ताडपत्रीखाली गेली आणि ताईंचे रविवार घरातच जाऊ लागले. मी समजूत घालायला गेलो, तर माझ्या क्लच प्लेटची चौकशी झाली.

पुढे ताईंचे गुडघे इतके बिघडले की अंगणात उतरणंही सुटलं. डॉक्टरांनी कृत्रिम सांधे बसवायला सांगितले. भाऊ लगेच तयार झाले, ताई नाहीत.

"मला नको डुप्लिकेट. देवाच्या कंपनीचा मिळाला तर बघू."

"अगो, पण तोवर करणार काय?"

"तुमची गाडी उभी आहे ना? तशी मी बसून राहीन."

दुसऱ्या दिवशी भाऊ कोणालाही न सांगता मेस्त्र्याकडे गेले. कोल्हापूरचा पंप बसला. गाडी अंगणात गुरगुरली तेव्हा ताई म्हणाल्या, "हां. आता डॉक्टरांना विचारा, कधी येऊ."

ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदा आरे-वारेला निघाल्या, तेव्हा आधाराला म्हणून मीही माझ्या गाडीने मागोमाग गेलो. आधार लागला नाही. काठी टेकत, सावकाश, त्या एकट्याच वाळूत उतरल्या. भाऊ गाडीजवळ थांबले होते. एवढी संधी मी कशी सोडणार? सणसणीत अपमानाची तयारी ठेवूनच विचारलं, "काय भाऊ, डुप्लिकेट पंप कसा आहे?"

त्यांनी ऐकलंच नव्हतं.

"पाय भिजवत्ये बघ," ते हळूच म्हणाले. मग आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.