धमक्या गोळा करणारा आतेभाऊ

धमक्या गोळा करायला पदरच्या पैशाने एसटीतून हिंडलेला माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो माझा आतेभाऊ. इंदापूरजवळच्या कळस गावचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडिलांनी ती विकून ऊस लावला आणि याने ऊस सोडून पीएच.डी. लावली. नव्वदचं दशक सरत आलं होतं, बारामतीत नेट कॅफेच्या पाट्या नुकत्याच झळकू लागल्या होत्या, आणि हा बंगळूरला बसून संगणकाला इंटरनेटवरच्या धमक्या ओळखायला शिकवत होता. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, हे त्याने एकदा पारावर तासभर समजावलं, तेव्हा एक आबा म्हणाले, "म्हंजी नकली अक्कल. आरं, पर आसली हाय ती वापरून संपली का?" तो हसला नाही. या विषयात त्याला हसू येतच नसे. "आबा, माझा आजा लांडगा वळखायचा न्हवं? मी बी त्येच करतोय," म्हणाला आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायला.

संगणकाला शिकवायला नमुने लागतात. इंग्रजी धमक्या त्याला मिळाल्या होत्या, पण आपल्या माणसांच्याही हव्यात असा त्याचा हट्ट. म्हणून सुट्टीत गळ्यात टेपरेकॉर्डर अडकवून तो इंदापूरच्या आठवडी बाजारात गेला, शेपूट म्हणून मी. "मला एक धमकी द्या," असं तो दिसेल त्याला विनवू लागला. विनाकारण कोण कुणाला धमकी देईल? एका दांडग्या मिशीच्या शेळी-व्यापाऱ्याने त्याला नीट न्याहाळलं, "पाव्हणं, घरी समदं ठीक हाय न्हवं?" असं विचारलं आणि दोघांना भेळ खाऊ घातली. दिवसभरात टेपवर आली ती फक्त कोंबड्यांची कलकल. हिरमुसून घरी आलो, तर उंबऱ्यातच आत्या. "आलास व्हय मुडद्या? सकाळधरनं उपाशी हिंडतूस! तंगडं मोडून हातात दीन! न जेवता झोपलास तर कातडं सोलीन!" याने टेप चालू केला. खाणच सापडली की! आत्याची माया ही अशी. ती ज्याच्याशी गोड बोले, त्याने समजावं की आपण या घरचे नाही. हे त्यालाही ठाऊक होतं, पण नमुन्यांच्या हावेपोटी पठ्ठ्याने आईची सगळी वाक्यं टेपवरून इंग्रजी अक्षरांत उतरवून 'धोका' या सदरात भरली.

परत गेल्यावर त्याने तो प्रोग्राम स्वतःच्याच ईमेलवर बसवला. धोक्याचं पत्र आलं की परस्पर वेगळ्या कप्प्यात कोंडलं जाई, आणि तो कप्पा उघडायचा नाही हा याचा नियम. बनवणाऱ्यानेच अविश्वास दाखवला तर कसं व्हायचं? इकडे आत्या बाजाराला बारामतीत आली की मला कॅफेत बसवायची. "लिही. दिवाळीला आला न्हाईस तर टाळकं फोडीन म्हणावं." मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचो. उत्तर नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. फोन लावू म्हटलं तर, "आधी त्यानं उत्तर द्यावं," हा तिचा हेका. त्याला वाटत होतं आई कामात असेल, तिला वाटत होतं पोरगं विसरलं.

एकदा ती कॅफेतल्या खुर्चीवर पदर सावरून बसली. मग म्हणाली, "लिही. तुमचं काम मोठं हाय. सवड झाली तर या. आमी बरं हाओत."

पोटच्या पोराला 'तुमी'! माझी बोटं थांबली. "आत्या, असं लिहू?"

"व्हय. आसंच."

त्यात धोक्याचा शब्द नव्हता. तेवढं एकच पत्र अडवणुकीशिवाय त्याच्यापुढे गेलं आणि तो मिळेल त्या गाडीने, उभ्याने, कळसला आला. दारातच म्हणाला, "आये, शिव्या दे." आत्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. "दमला आसाल. बसा."

पुढे त्याने तो कप्पा उघडून पाहिला आणि आत्याला सगळं समजावून सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं, 'तुमी' सोडलं, पण तिच्या शिव्या काही परतल्या नाहीत. धमकी कोण कुणाला देतंय हे पाहिल्यावाचून ती कळत नाही, असं एक प्रकरण त्याने प्रबंधात घातलं, आणि ते फार वाखाणलं गेलं म्हणे. कौतुक मलाही आहे. पण मला ती वेशीवरून ऐकू येणारी आत्या हवी आहे, आणि त्याला तर माझ्याहून हवी आहे. गावी आला की तो मुद्दाम चपला घालून चुलीपर्यंत जातो. परवा त्याने अर्धी भाकरी ताटात टाकली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसला. आत्या उठली, तिने ताट उचललं.

"न्हाय जात तर ऱ्हाऊ दे, बाबा," म्हणाली.