बकाराम शाहिराने जिंकलेला सामना

सडक अर्जुनीच्या आसपास कुठल्याही गावात मंडईची जत्रा भरली, की बकाराम शाहिराला बोलावणं आलंच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, घरोघर पाहुणे, आणि भर दुपारी दोन शाहिरांचा खडा सामना. विषय पंच ठरवतात, बाजू नाणं ठरवतं. पटो न पटो, वाट्याला आलेली बाजू जीव तोडून मांडायची. बकारामला हे फार मानवायचं. त्याला स्वतःचं मत नव्हतं असं नाही. पण ते घरी ठेवून यायची त्याची सवय होती.

यंदा त्याच्याच गावच्या पंचांना भलताच विषय सुचला. शास्त्रज्ञांनी जनुकं बदलून केलेलं धान चांगलं, की आपलं गावरान? नाणं पडलं आणि बकारामच्या वाट्याला नवं धान आलं. आता गंमत अशी, की घरच्या चिन्नोरचं, म्हणजे वासाच्या गावरान धानाचं बियाणं हा गडी धान्याच्या ढोलीत लेकरासारखं जपायचा. बाजारचा एक दाणा त्याने कधी शेताच्या बांधीत पडू दिला नव्हता. पण ढोलकी कडाडली आणि बकाराम पेटला.

समोरचा छोटेलाल शाहीरही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "पोरगी पाहाले जाता त सात पिढ्या इचारता," त्याने हात उंचावला, "अन् ज्या धानाचे मायबाप कोन, हे ठाव नाई, ते पोटात घालता?" बायकांनी टाळ्या पिटल्या.

बकाराम नुसता हसला. "तुहा आजा बैलबंडीनं मंडईले ये. तू काऊन मोटरसायकलवर आला गा? बियान्याची गोष्ट निंघाली का तेवढा आजा आठवते!"

मांडव हसून लोळला. पुराव्याची जागा हशाने भरायची ही त्याची जुनी खोड. कीड, रोग, दुष्काळ सगळ्यांना त्याने बघता बघता गावाबाहेर काढलं. नवं धान खाल्ल्यावर काय होतं, हे ना त्याला ठाऊक होतं, ना छोटेलालला. पंचांनी शाल बकारामच्या खांद्यावर टाकली.

संध्याकाळी पाहुण्यांच्या पंगतीत तो ऐटीत बसला. बायकोने, रुख्माने, भात वाढला. पहिला घास तोंडाशी नेला आणि त्याचा हात थांबला. हा वास ओळखीचा होता.

"हे कोनतं तांदूर?"

"ढोलीतलं चिन्नोर. तुमचा सामना झाला अन् मी मिलवर नेऊन भरडून आनलं. पाहुने लय आले ना."

"अवो, ते बियानं होतं!"

"मंग? तुमीच त सांगतलं, आज्याचं बियानं कवटारनारा मागंच रायते. मले पटलं."

"मी त बाजू मांडून रायलो होतो!"

"मंग इतकी चांगली काऊन मांडली?"

पाहुणे मिटक्या मारत होते. तरबेज शाहिराने हातातला घास तोंडात घातला. भात मात्र फार गोड लागत होता, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

सकाळी त्याने मुकाट छोटेलालचं गाव गाठलं. गावरानासाठी एवढा घसा फोडणारा माणूस, पेरापुरतं चिन्नोर देईलच. छोटेलाल पोट धरून हसला. "चिन्नोर? मी त बजारचंच पेरतो गा!"

हात हलवत बकाराम परतला, तर शेजारच्या कुसुमबाईच्या अंगणात चिन्नोरची गोणी बंडीवर चढत होती. मिलवर निघाली होती. गावात तेवढंच बियाणं उरलं होतं.

बकाराम बंडीला आडवा झाला. "काकी, भरडू नोको. माहं गेलं. नव्या धानाचं मले कायबी ठाव नाई. काल उगाच बोललो. थोडं मले दे, बाकी तू ठेव."

म्हातारीने त्याला खालून वर न्याहाळलं. "आज कोनाच्या बाजूनं बोलून रायला?"

"माह्या," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काल याच्याहून बेस बोलला होता," कुसुमबाई म्हणाली. "आज पटून नाई रायलं. पर रडून रायला, म्हून घे." आणि तिने गोणीचं तोंड सोडलं.