चौथऱ्याशेजारचं निळं तळं

गेटवरच्या वॉचमनने मला आणि आत्याला दोनदा हाकललं. तिसऱ्या वेळी आम्ही सहलीचं तिकीट काढून गेलो, तेव्हा त्याच माणसाने सलाम ठोकून गेट उघडलं.

त्या गेटच्या आत, घाटकोपर आणि पवईच्या मधल्या टेकड्यांत, एक बंद पडलेली दगडखाण होती. आत्याचा नवरा तिथे मेला. गिरण्यांचा संप लांबत गेला, घरातली भांडी विकून झाली, आणि सारं आयुष्य गिरणीतल्या साच्यावर काढलेला हा माणूस खाणीवर दगड फोडायला लागला. एका पावसाळी दुपारी वरची कडा सुटून त्याच्यावर आली. आत्या तेव्हा गावी, मालवणाकडे. तार तिच्या हातात पडली तोपर्यंत इथे सगळं उरकलं होतं. तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं नाही. तो जिथे पडला ती जागाही पाहिली नाही. पुढे खाण बंद झाली आणि त्याच्याबरोबर काम करणारे गाववाले कामाच्या मागे कोण सुरतेला, कोण वापीला पांगले.

ती जागा आता फक्त मला ठाऊक होती. तीसुद्धा अशी, की माझे बाबा नुकसानभरपाईसाठी त्या गेटसमोर निदर्शनं करत होते आणि मी शाळेच्या गणवेशात पत्रकं वाटत उभी होते. आमच्या घरात देवघर नव्हतं. पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर, आणि पुढे लिहायला लागले तेही त्यांच्याचसारखं. त्या दिवशी बाबांनी गेटच्या फटीतून बोट दाखवलं होतं. "खडीच्या मशीनचा तो चौथरा दिसतो? तिथे." एवढंच. पुढे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. भरपाई मिळाली नाही, आणि आदल्या वर्षी बाबाही गेले. आई खाणीवर कधी गेलीच नव्हती.

आत्या गावाहून आली ती एक नारळ घेऊन. तिच्या दारच्या माडाचा, शेंडी राखून सोललेला. आमच्या गावाकडे असं मानतात की प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो. माणूस परक्या जागेत अवचित गेला, तर त्या राखणदारापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, की बाबा, ह्याला अडकवून ठेवू नकोस, मोकळा कर. गावी हे काम पुरुष करतात. आत्याच्या घरात आता पुरुष नव्हता. ती म्हणाली, "मीच घालतलंय. माका फक्त थंय ने."

माझा राखणदारावर विश्वास नाही. अशा समजुतींविरुद्ध मी लिहिलंही होतं, आणि ते आत्याला ठाऊक होतं. पण आपला माणूस जिथे मेला ती जमीन बघण्याचा बाईला हक्क आहे, यावर माझा पक्का विश्वास होता. त्या हक्काच्या जोरावर मी वॉचमनशी दोनदा भांडले. तो म्हणाला, "मालकाची परमिशन आणा." मालक कोण, तर ते सांगायचीही परमिशन नव्हती.

तेवढ्यात बोरीवलीला आमच्या दाराखालून एक जाहिरातीचा कागद सरकवला गेला. दर रविवारी एक दिवसाचं उपनगर दर्शन, गाइडसह. नटाचा बंगला, अंधेरीचा काळा डोंगर, विहार, पवई, मार्वेचा किनारा, आणि मध्ये ठळक अक्षरांत 'ज्वालामुखीची निळी तळी'. खालच्या मजल्यावरच्या काकू जाऊन आल्या होत्या. मी विचारलं, ही तळी कुठली? त्या म्हणाल्या, "अगं, पवईच्या पुढे. झकास आहे! गेटच्या आत सिमेंटचा मोठा चौथरा आहे ना, त्याच्यावर बसून वडे खाल्ले आम्ही."

बाबांनी दाखवलेला चौथरा तो हाच. मी आत्याला सगळं समजावून सांगितलं: खाणीच्या खड्ड्यांत पाणी साचलंय, ट्रॅव्हल्सवाल्याने मालकाशी संधान बांधलंय, ते ज्वालामुखी म्हणतील, आपण लक्ष द्यायचं नाही. आत्या म्हणाली, "बरा."

मी स्वतः मात्र त्या रविवारी सकाळपासून लक्ष देत राहिले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

गाइड चाळिशीचा, सडपातळ. डोक्यावर पांढरी टोपी, हातात भोंगा. आवाज गोड होता, आणि बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तो हात देत होता. आत्याची पिशवी त्याने स्वतः वर ठेवायला घेतली, तेव्हा ती म्हणाली, "नको रे बाबा, तेच्यात नारळ आसा." तो म्हणाला, "मग मांडीवरच राहू दे, मावशी. देवाचा दिसतोय." तिथेच तो तिला आवडला.

नटाच्या बंगल्यासमोर तो म्हणाला, साहेब शूटिंगला गेलेत, नाहीतर गच्चीतून हात दाखवतात. मी मोठ्याने म्हटलं, "दर रविवारी शूटिंग असतं वाटतं?" लोक हसले. आत्याने मला कोपर मारलं.

विहार तलावाशी तो म्हणाला, निसर्गाची देणगी. मी म्हटलं, "धरण आहे ते. बांध घालून अडवलेलं पाणी आहे." मागून एक तरुण ओरडला, "ओ ताई, भोंगा तुम्हीच घ्या ना!" पुन्हा हशा. या वेळी माझ्यावर.

पण खरा घात त्याआधी अंधेरीला झाला होता. तिथे वस्तीच्या मधोमध तो सरळसोट काळा डोंगर उभा आहे, खांब रोवल्यासारखा. गाइड म्हणाला, "हा ज्वालामुखीचा दगड, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा." मी ताडकन उठले. "खोटं आहे. चारी बाजूंनी खाणवाल्यांनी फोडून नेलाय म्हणून असा उरलाय." त्यावर पुढच्या सीटवरचे एक शाळामास्तर वळले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "फोडलाय हे खरं, मुली. पण दगड ज्वालामुखीचाच आहे हो. भूगोलात शिकवतो आम्ही." सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी खाली बसले. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "तू सगळ्यांकच खोटा म्हणतंस गो. तो बिचारो पोटासाठी बोलता."

दुपारी बस त्या गेटमधून आत शिरली.

मी जे पाहायला आले होते ते नव्हतंच तिथे. माझ्या डोक्यात पांढरी धूळ होती, ट्रक होते, घणांचा आवाज होता. समोर खोल, गोल, निळंहिरवं पाणी होतं. इतकं नितळ, की कडेच्या कातळाची सावली तळापर्यंत गेल्यासारखी वाटत होती. एक खंड्या पाण्यावरून सरळ रेघ मारत गेला. काठाला चौथरा होता, खडी फोडायच्या मशीनचा, लोखंडी बोल्ट अजून वर आलेले. लोक त्यावर चढून फोटो काढायला लागले.

"आत्या, हीच," मी म्हटलं. "हा चौथरा. इथेच."

आत्या पिशवी छातीशी धरून उभी होती. तिने पाण्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ही खाण न्हय."

"हीच आहे गं."

"हय तर पाणी. गणपतीक इल्ले तेव्हा ते सांगत, थंय प्यायक पाणी गावणा नाय. घसो सुकता, आंगार नुसती धूळ. आणि हय बघ केवढा पाणी."

"ते नंतर साचलं. खाण बंद झाल्यावर. पावसाचं."

भोंग्यातून आवाज आला: "सकाळी आपण जो डोंगर पाहिला, मंडळी, त्याच ज्वालामुखीचं हे तोंड. इथून तो कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटला, आणि तेव्हापासून हे पाणी इथे आहे. कधी आटत नाही."

आत्याने माझ्याकडे बघितलं. "आयकलंस?"

मी तिचा हात धरून कातळाच्या कडेला नेलं. दगडात उभ्या, सरळ, बोटभर रुंदीच्या खाचा होत्या, एकीशेजारी एक. सुरुंग भरायची भोकं अर्धी फुटून राहतात ती. "हे बघ. हे माणसाने केलंय. पहार मारून."

तिने एका खाचेत बोट घातलं आणि वरपासून खालपर्यंत फिरवलं. मला वाटलं, आता पटलं. ती म्हणाली, "आमच्या व्हाळात पण अशी असत. पाण्यान होतत."

मी धावत गाइडकडे गेले. तो चौथऱ्याच्या टोकाला उभा होता. दहा पावलांवर, बसच्या दारात, काळा चष्मा लावून ट्रॅव्हल्सचे मालक चहा पीत होते.

"तिला सांगा ही खाण आहे," मी म्हटलं. "तिचा नवरा इथे मेलाय. तिला नारळ ठेवायचाय. तुम्ही नुसतं हो म्हणा."

त्याने भोंगा खाली घेतला. एकदा आत्याकडे बघितलं, एकदा मालकांकडे. "ताई, मला जे पाठ करून दिलंय ते मी बोलतो. ह्या जागेवर कोण मेलं असं चारचौघांत निघालं तर उद्या ही बस बंद. माझी तर वाट लागेलच."

यावर मी काय करायला हवं होतं? त्याच्या कानात विनवायला हवं होतं, कदाचित. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं ते मी केलं. मी चौथऱ्यावर चढले आणि बोलायला लागले. ही खाण आहे, इथे कामगार चिरडले गेले, त्यांच्या मरणावर तिकीट लावून तुम्हाला फसवताहेत, तुम्ही ज्या दगडावर बसून वडे खाताय... माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येत होता. खरा होता प्रत्येक शब्द.

"झालं, पुढारी सुरू झाले," सकाळचाच तरुण म्हणाला.

एक बाई म्हणाली, "अहो, आठवड्यातनं एक दिवस सुट्टी मिळते आम्हाला. कशाला हे मेलेल्यांचं काढताय?"

मास्तर गोंधळून गेले होते. ते म्हणाले, "असेलही. पण विवर असंच गोल असतं बरं का, म्हणून सांगता येत नाही."

मालकांनी कप ठेवला आणि ड्रायव्हरला खूण केली. हॉर्न वाजला.

मी खाली उतरले तेव्हा आत्याचं तोंड शरमेने लाल झालं होतं. "चेडवा, गप रव आता," ती म्हणाली. "लोकांसमोर तेंचा मराण कित्याक काढलंस?"

"आत्या, एकदाच ऐक. बाबांनी मला ही जागा दाखवली होती. बोट करून. शप्पथ."

"तू तेव्हा केवढा होतंस!" तिचा आवाज मऊ झाला. "माका तू खोटा बोलतंस असा वाटणा नाय. पण तुका राग येता, आणि रागात तुका सगळीकडे खाणच दिसता. हो नारळ दुसऱ्याच्या जाग्यार ठेवलंय तर दुसरोच कोण घेतलो. तेंका पावाचो नाय. ते थंयच रवतले अडकान."

"ठेव तर खरं. काय जातं?"

"माझ्याकडे परत येवक होवचा नाय गो. एकच फेरी आसा माझी."

हॉर्न पुन्हा वाजला. तिने पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. बसच्या पायरीवर गाइडने तिला हात दिला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

मार्वेला लोक होडीने मनोरीला जाणाऱ्यांना हात दाखवत होते, भेळ खात होते. आत्या वाळूत बसून होती. मी तिच्या शेजारी. ती समुद्राकडे बघून म्हणाली, आमच्याकडचा पाणी निळा असता, ह्या मातकट. माझ्याकडे खरं होतं, आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. मी खोटं बोलले असते, अमक्या दुसऱ्या ओसाड, कोरड्या जागी नेऊन 'ही घे खाण' म्हटलं असतं, तर तिने सुखाने गाऱ्हाणं घातलं असतं. तो विचार आला आणि मी हादरले.

बोरीवलीला बस रिकामी झाली. आत्या शेवटी उतरली आणि दारात उभ्या असलेल्या गाइडसमोर थांबली. पिशवीची गाठ सोडून तिने नारळ बाहेर काढला.

"बाबा, तू सगळी मुंबय दाखवतंस. तुका सगळी ठिकाणा म्हायत. घाटकोपराच्या अंगाक एक खाण आसा, बंद पडलेली. थंय माझो माणूस गेलो. ह्या चेडवाक गावली नाय. तुझी गाडी कधी थंयसून गेली, तर एवढो नारळ ठेव. आणि म्हण, हेंका मोकळो कर."

त्याने भोंगा सीटवर ठेवला, टोपी काढली आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला. "ठेवतो, मावशी. नाव काय सांगू त्यांचं?"

आत्या लाजली. अजूनही. नवऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं. तिने माझ्याकडे बोट केलं आणि पदर सावरत फुटपाथवर जाऊन उभी राहिली, पाठ करून.

मी त्याला नाव सांगितलं. त्याने ते दोनदा पुटपुटून पाठ केलं, जसं बाकीचं सगळं केलं असेल.

मग तो खाली वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "येत्या रविवारी ठेवतो. लोक वडे खातात तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. चौथऱ्याच्या कुठल्या बाजूला, ताई? पाण्याकडे, की कड्याकडे?"

मी गेटच्या फटीतून दिसलेलं आठवायला लागले. बाबांचं बोट आठवलं, त्याच्यावरची पत्रकांची शाई आठवली. ते बोट चौथऱ्यापाशीच थांबलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.