पिकअपची उत्तरपूजा

आमच्या दाजींनी घरी आणून परत न केलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माझी बहीण. तिलाही ते लग्नाआधी तीनदा बघून गेले होते. मुलगी पहिल्याच दिवशी पसंत होती, पण खात्री करून घेतलेली बरी, असं ते आजही सांगतात, आणि सांगताना त्यांना त्यात काही चुकलं असं वाटत नाही.

दाजी म्हणजे हरिचंद्र. बदलापूरला मांजर्लीत राहतात. अंबरनाथच्या एका कंपनीची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली, पुढे कंपनी बंद पडली. मी त्यांचा मेहुणा, बाळा, राहणार मोरिवली. मेहुण्याला दाजींबद्दल वाकडं बोलायचा हक्कच असतो आणि मी तो आज बजावून घेणार आहे.

दाजी वांगी घेतात, घरी कापतात, एखादं किडकं निघालं तर त्याचं अर्धुक हातात धरून पुन्हा बाजारात जातात. उल्हासनगरच्या लच्छूशेठकडून घेतलेला पंखा त्यांनी इतक्यांदा परत नेला की शेवटी शेठने हात जोडले. "भाऊ, पैसा भी ले जाओ, पंखा भी ले जाओ, बस दुकान में मत आओ." दाजींनी पैसे घेतले नाहीत, पंखाही घेतला नाही. त्यांना फक्त न कुरकुरणारा पंखा हवा होता. त्या उन्हाळ्यात माझी बहीण पुठ्ठ्याने वारा घेत बसली.

या सगळ्याला अपवाद एकच, देवाचं. एका वर्षी गणपती बसवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उंदराला एकच कान आहे. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. दाजी म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा झाली, विषय संपला. आता जसा हाय तसा आपला." पाच दिवस त्या एका कानाच्या उंदरासमोर त्यांनी मनोभावे आरती केली.

आता बहिणीचं सांगतो. काशीताई हळदीची जेवणं करते. आमच्या आगरी लोकांत लग्नाला एखादा पाहुणा चुकेल, पण आदल्या रात्रीच्या हळदीला चुकणार नाही, आणि हळदीत मटणाचा रस्सा ताईचा असेल तर तो शेजाऱ्यालाही घेऊन येईल. ताईचे हात-पाय मजबूत, अडचण एकच, गाडी. रस्स्याचे टोप न्यायला भाड्याचा टेम्पो, आणि टेम्पोवाल्याला वेळेशी काही देणंघेणं नसतं. गेल्या हंगामात कुळगावच्या एका हळदीला रस्सा इतका उशिरा पोचला की पाहुणे कांदा-लिंबू संपवून उठून गेले. यजमानांनी ताईला सगळ्यांसमोर ऐकवलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. माझ्या बहिणीने मान खाली घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि मला ते आवडलं नाही.

म्हणून ताईने स्वतःच्या नावावर पिकअप घ्यायची ठरवली. चालवणार अर्थातच दाजी. इथपर्यंत सगळं छान होतं. मग दाजी गाडी ताब्यात घेण्याआधी चालवून बघायला गेले. पहिल्या गाडीचा आरसा थरथरतो म्हणून ती नको. दुसरी आली, तिचा हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजतो म्हणून तीही नको. दोन गाड्यांत हंगाम तोंडावर आला. पुढच्या रविवारी बेलवलीची मोठी हळद ताईने घेऊन ठेवलेली. तिसऱ्या गाडीला आज होकार दिला तरच तोवर कागद होऊन, नंबर पडून ती दारात उभी राहणार होती. नाही दिला तर पुन्हा तोच टेम्पो.

"बाला," ताई मला फोनवर म्हणाली, "या टायमाला यांनी नाय म्हटलां ना, तर मी चूल बंद करनार. मना परत कोनाचां ऐकून घ्यायचां नाय." ताई रागात बोलली असती तर मी हसण्यावारी नेलं असतं. ती शांतपणे बोलत होती. मग तिने मला काम सांगितलं. काम सोपं होतं, दाजींना थोडा वेळ गाडीखाली ठेवायचं.

शोरूमचं यार्ड आमच्या मोरिवलीजवळच, कारखान्यांच्या मागे. जिज्ञासा नावाची सेल्सची मुलगी दारातच उभी होती. दोन गाड्या परत गेल्यापासून दाजींचं नाव काढलं की तिला पाणी प्यावं लागत असे. त्यात दाजींनी या वेळी रिक्षातून दोन मोठे टोप आणायला लावले होते.

"अंकल, हे कशाला?"

"रिकामी गारी कोनाची पन पलते," दाजी म्हणाले. "पानी भरून घे दोन्ही टोपांत. पानी सांडलां नाय तर रस्सा पन सांडनार नाय."

जिज्ञासाने आभाळाकडे पाहिलं आणि गाडी धुवायचा पाइप आणून दिला. टोप भरून पाठीमागे ठेवले. मग ताईने सांगितल्याप्रमाणे मी म्हणालो, "दाजी, खालून काहीतरी ओलं दिसतंय बघा." वाक्य पुरं व्हायच्या आत दाजी पाठीवर झोपून गाडीखाली गेलेसुद्धा. मी मोबाइलचा उजेड धरला आणि त्यांना एकेक नटबोल्ट दाखवत राहिलो.

इकडे ताईने पिशवीतून ताट काढलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, हात जोडले आणि पुढच्या चाकाशेजारी दगडावर नारळ फोडला. नारळाचं निम्मं पाणी दाजींच्या कानात गेलं.

दाजी सरपटत बाहेर आले. गाडीकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. ताई निर्विकारपणे खोबरं काढत होती. मला वाटलं, आता जमदग्नी प्रकट होणार. पण दाजींनी डोक्यावरची टोपी काढली, गाडीला नमस्कार केला आणि एवढंच म्हणाले, "जरा थांबली असतीस." ताईने मला खोबरं देताना डोळा मिचकावला. जिज्ञासाने तर माझ्या हातातला तुकडा काढून घेऊन खाल्ला, इतकी ती खूश झाली.

तरी फेरी मारायचीच होती. लिंबू चिरडून गाडी निघाली. पुढे दाजी, ताई आणि जिज्ञासा, मागे टोपांबरोबर मी. मेहुण्याची जागा तीच असते. गाडी कारखान्यांच्या रस्त्याने बदलापूरच्या दिशेला लागली. चाल झकास होती. मी झाकणावर हात ठेवून आरामात बसलो होतो, तेवढ्यात एक कुत्रं आडवं आलं आणि दाजींनी ब्रेक मारला. सगळं पाणी उसळून डाव्या बाजूला आलं. डाव्या बाजूला मी होतो. पुढे गतिरोधक आला, पुन्हा ब्रेक, पुन्हा माझी अंघोळ. तिसऱ्या वेळी मी केबिनच्या काचेवर थापा मारल्या. उजवीकडे एक थेंब नाही, डावीकडे मी निथळतोय. ब्रेक लागला की गाडी उजवीकडे ओढत होती.

यार्डात परत आलो. ज्या माणसाला हॉर्नची सर्दी ऐकू येते, त्याला हे कळलं नसेल हे शक्य नव्हतं. पण दाजी खाली उतरले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बरी हाय गारी. घेऊ."

आयुष्यात पहिल्यांदा दाजींनी एखादी वस्तू पहिल्या झटक्यात पसंत केली होती आणि ती नेमकी बिघडलेली होती. माझी तर हसावं की रडावं अशी गत झाली.

ताईने टोपांत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ही ओढते," ती म्हणाली.

"थोरी ओढते. मी ष्टेरिंग जरा डावीकरं धरीन."

"जलमभर?"

"धरीन जलमभर. कुंकू लागलंय तिला. पदरी परलां, पवित्र झालां."

"अहो, पावसात, अंधारात, उकलता रस्सा मागं घेऊन तुमी एखाद्या वलनावर ब्रेक मारनार. मना नको ही गारी."

"पूजा कोनी केली?"

ताईनेच लावलेलं कुलूप आता तिलाच उघडता येईना. रोज वस्तू परत करणारा नवरा गाडीला धरून उभा, आणि कधी काही परत न करणारी बायको ती परत करा म्हणून मागे लागलेली. असली वरात मी पाहिली नव्हती.

जिज्ञासाने वर्कशॉपमधला मिस्त्री आणला. त्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, ब्रेकचा एक पार्ट मागवावा लागेल, पंधरा दिवस धरा. म्हणजे रविवार गेलाच. "आंटी, कालच आलेली सेम गाडी मागे उभी आहे," जिज्ञासा म्हणाली, "पेपर अजून गेले नाहीत, मी चेंज करून देते. फक्त अंकलना मनवा." दाजी मान हलवायला तयार नव्हते. "देवाचां झालेलां परत पाठवत नाय," असं काहीतरी पुटपुटत ते हार नीट करत होते.

ताई पायरीवर बसली. मग एकदम उठली.

"आपन गनपतीला पाठवतंव ना?"

"म्हंजे?"

"उत्तरपूजा करतंव, दही देतंव, जागेवरून हलवतंव, आनी मग पाठवतंव. देव रागावतो का? मी घाईत आनला, मीच रीतीनं पाठवीन."

दाजींनी विचार केला. मनातल्या मनात त्यांनी तो मुद्दा वर-खाली करून पाहिला, कुठे तडा आहे का ते शोधलं. सापडला नसावा. "दही लागल," ते म्हणाले.

दही जिज्ञासाच्या डब्यात निघालं. दहीभात होता, पण कडेने जरा दही सुटं होतं. ताईने बॉनेटवर अक्षता टाकल्या, स्वस्तिकाशेजारी दह्याचं बोट लावलं, डोळे मिटून हात जोडले. आम्हीही जोडले. "चुकलां माकलां पोटात घाल," ती म्हणाली, आणि सवयीने पुढे म्हणून गेली, "पुनरागमनाय च."

दाजींनी डोळा उघडला. "तां नको म्हनू. परत कुठं बोलावतेस तिला?"

"मग काय म्हनू?"

दाजींनी जरा विचार करून गाडीलाच सांगितलं, "बाई, चांगल्या घरी जा. पन आधी ब्रेक करून घे."

मूर्ती जागेवरून हलवतात तशी गाडी हलवायची होती. मी, दाजी, मिस्त्री आणि जिज्ञासा अशा चौघांनी मिळून ती वीतभर ढकलली. ऑफिसच्या काचेतून जिज्ञासाचे साहेब बघत होते. जिज्ञासाने त्यांना हात हलवून सगळं ठीक असल्याचं कळवलं. ताईने हार उतरवून घेतला आणि पदराने कुंकू पुसताना तिचा हात थोडा थांबला, हेही मी पाहिलं.

दुसरी गाडी पुढे आली. टोप पुन्हा भरले, मी पुन्हा मागे चढलो, या वेळी सरळ बनियनवर. ताई मात्र आली नाही. ती यार्डातच पिशवीतला दुसरा नारळ मांडीवर घेऊन बसून राहिली. दाजींनी त्याच रस्त्याला त्याच गतिरोधकांवर ब्रेक मारले. पाणी पुढे गेलं, मागे आलं, झाकणाला लागलं आणि शहाण्यासारखं टोपात बसलं. मी कोरडा परत आलो.

दाजी उतरले. जिज्ञासाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आरसा, हॉर्न, काच, दार, काहीही निघालं असतं. दाजी म्हणाले, "हिच्यात खोट नाय."

जिज्ञासाने सुटकेचा श्वास टाकला आणि ताईकडे वळली. पण ताई नारळ फोडायला पुढे आली नाही. टोपाचं झाकण उघडून तिने पाणी पाहिलं, टायरला हात लावून पाहिला, आणि दाजींना म्हणाली, "अजून एक फेरी मारा. नीट बगा. तुमी नीट बगता."

जिज्ञासा तिथेच पायरीवर बसली.

दाजींचा चेहरा मला अजून आठवतो. जगाने त्यांना 'आता पुरे' एवढंच ऐकवलं होतं. शेठने हात जोडले, भाजीवाल्या तोंड फिरवत, मी तर तोंडावर हसत असे. नीट बघा, असं त्यांना कोणी कधी म्हटलंच नव्हतं, आणि म्हटलं ते तिने, जिने त्यांच्या बघण्याचे सगळ्यात जास्त चटके खाल्ले होते. मी उगाच टोप सरकवायला लागलो.

दाजींनी पलीकडचं दार उघडून धरलं. "तू पन चल," ते म्हणाले.

दोघंच गेले. मला मागे बसायलाही कोणी सांगितलं नाही. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा कळलं, पार बेलवलीला हळदीच्या घरापर्यंत जाऊन, गाडी गल्लीत शिरते की नाही तेही बघून आले होते. जिज्ञासा कागद घेऊन दाजींसमोर उभी राहिली. दाजींनी कागदांना हात लावला नाही. ते ताईकडे वळले आणि विचारलं, "काशी, घ्यायची का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न घरात पहिल्यांदाच उठला होता. ताईने पदर खोचला, दोन्ही टोपांतलं पाणी यार्डातल्या झाडाला ओतलं आणि म्हणाली, "घेऊ."