मुद्दाम मागे राहिलेला स्वार

त्या दुपारची चौकशी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकात मी कुरुंदवाडच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत होती. कोल्हापुरातून निघायचे, आमच्या हद्दीत सक्तीची विश्रांती घ्यायची आणि परत जायचे. आदल्या वर्षी एक घोडा परतीच्या वाटेवर कोसळून मेला होता. म्हणून यंदा विश्रांतीच्या जागी जनावरांचे डॉक्टर प्रत्येक घोडा तपासतील आणि ते अडवतील त्याने पुढे जायचे नाही, या अटीवर परवानगी मिळाली होती.

आदल्या संध्याकाळी हवालदार खबर घेऊन आला. तोंडाला मफलर गुंडाळलेला कुणी एसटीतून उतरला, ठाण्यात उभ्या उभ्या बोलला आणि गेला.

"म्हणाला, उद्या तांबड्या घोडीचा डावा पुढचा पाय डॉक्टरला बघाय लावा. नुसतं चालवून न्हाय, हात लावून."

निनावी खबर म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा पोटदुखी. तरी मी ती डॉक्टरांच्या कानावर घातली.

तांबडीच जिंकणार, अशी पैज सगळ्या गावाची. पण ती आली बरीच मागून. स्वार पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ, पिढ्यानपिढ्या घोडी फिरवणाऱ्या घरातला. डांबरी सोडून कडेच्या मातीतून तिला आणत होता, उतारावर तर खाली उतरून चालत होता. लोक हुर्यो करत होते, "आरं, बस की वर! वरातीला निघालाईस काय?"

चालताना घोडीत काही खोट दिसेना. डॉक्टरांनी पाय चाचपला. सूज होती, पाय तापला होता, पण दाबला तरी घोडी हूं की चूं करेना. केस बाजूला सारले, तर सुई टोचल्याची खूण!

"पाय बधिर केलाय," डॉक्टर म्हणाले. "दुखत नाही म्हणून लंगडत नाही. अशीच परत पळाली तर हाड मोडेल आणि तिला गोळी घालावी लागेल."

पंचनामा करून मालक आणि स्वार दोघांना ठाण्यात आणले. मालक बडी असामी. तो उखडला, "घोडी ह्याच्या ताब्यात, सुईचं मला काय ठावं? फितूर झालाय त्यो! कशी दाबून आणली, बघिटलं न्हवं?"

खरे सांगायचे तर मलाही तेच वाटत होते. मी स्वाराला फैलावर घेतले.

"सुई कुणी टोचली?"

तो खिडकीतून बाहेर बांधलेल्या घोडीकडे बघू लागला.

"घोडी मागे का ठेवली?"

"पळिवली असती तर मेली असती, साहेब."

"मग तिच्यावर बसलातच कशाला?"

एवढ्यात दाराबाहेरून त्याचे बोलणे ऐकत आलेला हवालदार चहा घेऊन आत शिरला आणि जागीच थबकला.

"साहेब, काल सांगून गेल्याला ह्योच की! मफलर असला म्हणून काय झालं, ह्यो आवाज माझ्या ध्यानात हाय."

मालकाचा चेहरा खाडकन उतरला. दुखऱ्या पायाला सुई आपणच टोचवली, हे त्याने थोड्या वेळाने कबूल केले. स्वार कोपऱ्यातून हळूच बोलला.

"मी बसलो नसतो तर ह्यांनी दुसरा बसवला असता. त्यानं मारून पळिवली असती. म्हटलं, मी बसलो तर हितंवर तरी नीट येईल. फुडं डॉक्टर हायत, तुमी हायसा."

"आणि मालकाला कळल्यावर?"

"भाकरी जाईल. ती दुसरीकडं मिळंल. हिला दुसरा पाय कुठला मिळायचा?"

मी थक्क झालो. त्या घोडीला शिंगरू असल्यापासून त्यानेच वाढवले होते आणि ही शर्यत जिंकायची त्याची उमेद जुनी होती. नोकरीत मी सुऱ्यासमोर छाती काढून उभे राहणारे पाहिले. पण जिंकणारी घोडी मांडीखाली असताना, गावाच्या शिव्या खात लगाम आवळून धरणारा असा हा एकच.

पुढच्या वर्षीपासून निघण्याआधीही पाय हाताने तपासायची अट आम्ही घातली. तरी मला कळून चुकले होते की अट लिहायला फौजदार पुरतो, पण ती पाळायला हरायची तयारी असलेला माणूस लागतो.

संध्याकाळी घोडी ट्रकमध्ये चढवली. मालकाने स्वाराला तिथल्या तिथे कामावरून काढले होते. तरी तो मागे चढला आणि धक्का बसू नये म्हणून तिच्या पायाला पाठ लावून बसला. ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी रस्त्यातच उभा होतो.