सगळी तयारी झाली, माणसं यायची राहिली

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. इमारतीत सगळे त्यांना बोजवारे म्हणत. दूध उशिरा आलं, रस्त्यात खड्डा पडला, पोस्टमननं पत्र भलत्याच घरात टाकलं, की हे गॅलरीतून मान हलवत म्हणायचे, "बघा, हळूहळू सगळ्याचा बोजवारा उडत चाललाय." तेच त्यांना चिकटलं. पुढेपुढे गॅसवालाही खालून "बोजवारे, सिलिंडर" अशी हाक मारायचा आणि तेही निमूट "आलो" म्हणायचे.

नोकरीत असताना ते लिफ्ट दुरुस्त करायचे. उभा जन्म तेलकट दोरांशी आणि दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या माणसांशी गेला. एरवी रुबाबात फिरणारा माणूस बटण चालेनासं झालं की कसा रडकुंडीला येतो, हे त्यांनी दाराच्या फटीतून इतक्यांदा पाहिलं की बटणांवरचा त्यांचा विश्वासच उडाला. निवृत्त झाल्यापासून स्वतःच्या इमारतीतल्या लिफ्टमध्येही त्यांनी पाय टाकला नाही. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. धापा टाकत वर पोचायचे आणि कुणी बघतंय असं वाटलं तर म्हणायचे, "सराव."

समोरच्या शिवणवाल्या बाईंशी त्यांची ओळखही अशा सरावातच झाली. बाई पडद्याच्या कापडाचा तागा खांद्यावर टाकून जिना चढत होत्या. वरून बोजवारे डोळ्यांना पट्टी बांधून, दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन, खांदा भिंतीला घासत उतरत होते.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी समोरची. आंधळी कोशिंबीर खेळताय का?"

"वीज गेल्यावर जिना पाठ असायला हवा, वहिनी."

"असू दे की पाठ. पण पाणी वरून खाली कशाला नेताय? वीज गेली की ते खालून वर लागेल."

बोजवारे पायरीवर थांबले. पट्टीआड जरा विचार केला. "ते उद्या करणार आहे," म्हणाले आणि पुढे उतरले. पुढचे कित्येक दिवस बाईंनी हा किस्सा गिऱ्हाइकांना मापं घेताघेता ऐकवला आणि हसताना टाचण्या तोंडातून पडू नयेत म्हणून फार सांभाळलं.

घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती, पण पसारा म्हणाल तर कणभर नाही. पाण्याचे कॅन भिंतीला लागून, त्यांच्यावर भरल्याची तारीख. तांदूळ, कडधान्यं, मीठ, साखर, डबाबंद खाणं, सगळं ओळीनं. मेणबत्त्या, काडेपेट्या, हातानं फिरवायचा रेडिओ, मलमपट्टीची पेटी, दोर, शिट्टी. जुनं पुढे आणि नवं मागे, हा नियम. त्यामुळे बोजवारे कायम मुदत संपत आलेलंच खायचे. नवी बिस्किटं आणली की ती मागे जायची आणि पुढची मऊ पडलेली चहाबरोबर यायची. कुरकुरीत बिस्किट त्यांनी बायको गेल्यापासून खाल्लं नव्हतं. ती होती तेव्हा मागच्या ओळीत हात घालून ताजा पुडा फोडायची आणि वर त्यांनाच दटावायची, "बोजवारा उडेल तेव्हा उडेल, आत्ता खा."

आतल्या खोलीत मात्र साठा नव्हता. तिथं तीन गाद्या घडी करून ठेवलेल्या. एक लेकीची, एक जावयाची, एक नातीची. नातीसाठी रेनकोट आणि चालायचे भक्कम बूटही होते. दरवर्षी बोजवारे आधीचे बूट कुणाला तरी देऊन टाकायचे आणि एक माप मोठे आणायचे.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्याशी ठराव झाला होता. वीज आणि फोन दोन्ही एकदम गेले, तर वाट बघत बसायचं नाही. नवऱ्याला आणि पोरीला घ्यायचं, कालव्याकडचा रस्ता धरायचा आणि थेट इथं यायचं. तो रस्ता बोजवाऱ्यांनी स्वतः चालून पाहिला होता. कुठं सावली, कुठं नळ, कुठली कुत्री अंगावर येतात, सगळं तिला फोनवर सांगितलं होतं. पलीकडून भांड्यांचा आवाज यायचा आणि मधूनमधून "हो बाबा."

"ऐकतेयस ना?"

"हो बाबा. नळ, सावली, कुत्री."

फोन रविवारी व्हायचा. येणं मात्र क्वचित. नातीची शाळा, जावयाचं काम, लेकीचं ऑफिस. सगळी कारणं खरी होती, म्हणून तर त्यांच्यावर रागावता यायचं नाही.

एकदा शिवणवाल्या बाई वाटीभर साखर मागायला आल्या तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडं होतं. गाद्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "बोजवारे, खरं सांगा. जग बुडेल याची तुम्हाला भीती वाटते की त्याला उशीर होतोय याची?"

"काहीतरीच बोलता," बोजवारे म्हणाले. साखर मात्र सांडली.

बाईंनी चेष्टेत टाकलेला खडा नेमका लागला होता. चांगल्या दिवसांत लेकीला यायला सवड नव्हती. वाईट दिवस आले की ती येणार होती, तसं ठरलंच होतं. एवढ्या साठ्याचा, एवढ्या दोरांचा आणि मेणबत्त्यांचा अर्थ तिथं येऊन थांबायचा. ती आली तर हे सगळं शहाणपण. नाही आली तर अडगळ, आणि अडगळीत एक म्हातारा.

आणि मग एका सकाळी बाईंचं शिवणयंत्र भर शिलाईत थांबलं.

वीज गेली होती. असं व्हायचंच. पण थोड्या वेळानं फोनही गेले, पंप बंद म्हणून नळ गेला, आणि खालचा दुकानदार शटर अर्धं ओढून दारात उभा राहिला. सगळं शहर गेलंय, असं कुणीतरी सायकलवरून ओरडत गेलं. लोक जिन्यात येऊन एकमेकांना तेच विचारू लागले.

बोजवारे जिन्यात आले नाहीत. ते घरात होते आणि त्यांना आनंद झाला होता. आपल्याला आनंद होतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी उगीचच तोंड धुतलं. मग तीन गाद्या घातल्या, चादरी ताणल्या, बूट दाराशी ठेवले आणि स्टोव्हवर चार माणसांचा भात चढवला.

वाटलं होतं, आता दारावर रांग लागेल. पाणी द्या, मेणबत्ती द्या. कुणाला किती द्यायचं तेही मनात ठरलेलं. पण इमारतीनं भलतंच केलं. कुणी भावाकडे निघालं, कुणी सासरी, कुणी गावाबाहेरच्या मित्राकडे, जिथं विहीर होती. प्रत्येकाला कुणीतरी होतं. पिशव्या भरल्या, कुलपं लागली. बाईही नवऱ्याला घेऊन बहिणीकडे निघाल्या.

"चला आमच्याबरोबर. बहिणीचं घर मोठं आहे."

"मी कसा येऊ, वहिनी? माझ्याकडे माणसं यायची आहेत."

"मग बरंय," बाई म्हणाल्या. थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण दाराशी ठेवलेले ते छोटे बूट दिसले आणि त्यांनी ते मिटलं.

दुपार झाली, दुपार सरली. इतक्या वर्षांत बोजवाऱ्यांनी ही इमारत अशी ऐकली नव्हती. ना मिक्सर, ना टीव्ही, ना वरून खाली ओरडणं. कॅनच्या कॅन पाणी भरलेलं आणि तहानलेलं कुणी नाही. जिन्यात काही वाजलं की ते दाराशी जायचे. एकदा मांजर होतं. एकदा वारा. भात गार झाला. चारांतला एकाचा त्यांनी खाल्ला, उरलेला झाकून ठेवला, आणि संध्याकाळ पडल्यावर त्यातलाच पुन्हा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणवाल्या बाई नवऱ्याचा विसरलेला चष्मा न्यायला परत आल्या, तेव्हा बोजवारे सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली.

"आले नाहीत?"

"येतील. लहान पोर बरोबर आहे. थांबत थांबत येत असतील."

"कालपासून? मुंगीसुद्धा पोचली असती." बाई बाजूला टेकल्या. "तुम्हीच जा ना."

"आणि मी तिकडे गेलो, ते इकडे आले, तर? दाराला कुलूप बघून पोरीला काय वाटेल? ठरलंय वहिनी. त्यांनी यायचं, मी थांबायचं."

"मी बसते इथं."

"तुम्ही?"

"का? मला बसता येत नाही? आले तर पाणी देते, तुमची ती मऊ बिस्किटं देते, आणि तुमच्या इतक्या चुगल्या करते की तुम्ही येईस्तोवर हलणार नाहीत. उठा आता."

बोजवारे उठले. पिशवी भरायला लागले ते भरतच राहिले. पाणी, मलमपट्टी, रेडिओ, डबे, दोर, वर नातीचे बूट. पिशवी खांद्यावर घेतली तेव्हा ते एका बाजूला झुकले. बाईंनी पट्टा जरा सारखा केला.

कालव्याकडच्या रस्त्यानं जाताना त्यांनी शिट्टी मुठीत धरली होती. मनात वर्षानुवर्षं याच वाटेवर त्यांनी फुटलेल्या काचा, पळापळ, हाणामाऱ्या बघितल्या होत्या. प्रत्यक्षात लोक खुर्च्या घेऊन रस्त्यावर बसले होते. पत्ते चालले होते. एका दारात सलूनवाला उजेडात खुर्ची आणून कुणाची तरी दाढी करत होता. "आजोबा, ओझं फार झालंय का? बसा जरा," कुणीतरी म्हणालं. बोजवारे थांबले नाहीत. ठरलेल्या नळाला पाणी नव्हतं. सावली होती. कुत्री झोपली होती.

लेकीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून हसण्याचे आवाज येत होते. बोजवाऱ्यांनी ढकललं आणि लेक समोरच आली, हातात ताटल्या.

"किती उशीर, बाबा," ती म्हणाली. "कालपासून कडी लावली नाही मी."

"मला उशीर? तू यायचं होतंस."

"मी कशी येऊ?"

"ठरलं होतं. कालव्याचा रस्ता. किती वेळा सांगितलं."

"ते सांगितलंत हो." तिनं ताटल्या खाली ठेवल्या. "पण मी लहानपणी तुमच्या कामावर आले होते आणि लिफ्टमध्ये अडकले, तेव्हा काय ओरडत होतात फटीतून? हलू नकोस. अडकलेल्यानं हलायचं नसतं, मेकॅनिक येतो. घरी आल्यावर दहादा घोकून घेतलंत. मग काल वीज गेली तेव्हा मला दुसरं काही आठवलंच नाही. म्हटलं, बाबा निघाले असतील."

बोजवारे पिशवी खांद्यावर तशीच घेऊन उभे राहिले. ते सगळ्यांना हेच सांगायचे. तो धंद्याचा पहिला नियम होता. त्यांचाच नियम पाळत लेक इकडे दाराकडे बघत बसली होती आणि तिकडे ते जिन्याकडे.

"मी यायला हवं होतं," ते म्हणाले.

"आलात ना आता. बसा."

बसायला जागा शोधावी लागली. मजल्यावरची मंडळी जमली होती. कुणाकडून पाणी आलं होतं, कुणाची चूल गच्चीत पेटली होती, जावई पोरांना भिंतीवर सावल्यांचे ससे करून दाखवत होता. पिशवीतल्या एकेक वस्तूचं कौतुक झालं. "बाबांनी बघा काय काय आणलंय," असं जावई मनापासून म्हणाला, आणि वस्तू बाजूला ठेवल्या गेल्या, कारण कुणाचंच काही अडलेलं नव्हतं. शेवटी बूट निघाले. नात धावत आली, पाय घातला, टाच काही आत जाईना.

"आजोबा, हे बाळाचे आहेत."

"आवळून बघ."

"दुखतंय."

दरवर्षी एक माप, असा त्यांचा हिशेब होता. पोर त्याहून भराभर वाढली होती, आणि ते बघायला ते इथं नव्हते. त्यांनी बूट कागदात गुंडाळून परत ठेवले. पोरीला त्याचं काही नव्हतं. तिनं रेडिओची दांडी फिरवली, शिट्टी वाजवून सगळ्यांचे कान किटवले, दोर कंबरेला बांधला, आणि आजोबांकडून लिफ्टमध्ये अडकलेल्या जाड्या वकिलाची गोष्ट ऐकताऐकता पिशवीवर डोकं टाकून झोपली.

आणि वीज आली.

पंखा घरघरला, फ्रीज थरथरला, टाळ्या पडल्या. मग एकामागून एक फोन वाजायला लागले. शेजारची मंडळी आपापल्या घरी पांगली. जावई कॉम्प्युटर उघडून आत गेला. लेक ऑफिसचा फोन कानाला लावून गॅलरीत गेली आणि जाताजाता हातानंच खूण केली: बसा.

बोजवारे उठले. आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. वीज गेली तर काय, पाणी गेलं तर काय, माणूस जखमी झाला तर काय, सगळ्याची उत्तरं त्यांच्याकडे होती. सगळं सुरळीत चालू असताना लेकीच्या घरी कसं राहायचं, याचा सराव त्यांनी कधीच केला नव्हता.

"बाबा, राहा ना आज," गॅलरीतून लेक म्हणाली. लगेच फोनमध्ये म्हणाली, "नाही नाही, तुम्ही बोला."

"शेजारच्या वहिनींना दाराशी बसवून आलोय," बोजवारे हळूच म्हणाले. ते ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.

त्यांनी पिशवीच्या पट्ट्याला हात घातला. नातीचं डोकं त्यावर होतं, तोंड किंचित उघडं, एक हात पट्ट्यात अडकलेला. ओढली असती तर ती उठली असती. त्यांनी हात काढून घेतला. उजळलेल्या खोलीत इकडेतिकडे पाहिलं, पंखा पोरीच्या अंगावर फार येतोय असं वाटून तो एकानं कमी केला, आणि भिंतीला टेकून तिच्याजवळ जमिनीवर बसले. आतून जावयाची कीबोर्डवरची टकटक ऐकू येत होती, बाहेरून लेकीचं बोलणं. पोर गाढ झोपली होती. तिची झोप होईपर्यंत तरी त्यांना निघता येणार नव्हतं.